ग्रीसमधली एरंडी



कपाशीच्या कडेने एरंडी लावा, पाने खाणारी अळी आधी तिच्यावर जाते, असे आम्ही शेतकी पदवीधर गावोगाव सांगत फिरलो. त्या एरंडीच्या बियांचे काय करायचे, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही. आज तेवढेच बोलायचे आहे.

आपले आजोबा बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत. मग ट्रॅक्टर आला, ग्रीसचा डबा आला आणि एरंडेल संपले, असे आपण समजतो. ते संपलेले नाही. डब्यावर 'लिथियम ग्रीस' लिहिलेले असते. त्याला घट्टपणा कशाने येतो? एरंडेलात हायड्रोजन घालून ते वनस्पती तुपासारखे थिजवतात आणि त्यातल्या आम्लाचा लिथियमबरोबर साबण करतात. हा साबण शेकडा १० च्या आसपास. बाकी बहुतेक खनिज तेल. अवजारांतून गळलेले हे खनिज तेल आपल्याच मातीत पडते आणि लवकर कुजत नाही. वनस्पती तेल मातीतले जंतू लवकर खाऊन टाकतात.

मग सगळेच वंगण वनस्पती तेलाचे का नाही? कारण उष्णतेने आणि हवेने ते चिकट होते. म्हणून ट्रॅक्टरच्या इंजिनात एरंडेल ओतू नका. पण एरंडेलात शेकडा ८५ ते ९० रिसिनोलिक आम्ल असते आणि ते धातूला धरून राहते. त्यापासून झीज कमी करणारी, मातीत कुजणारी पूरक द्रव्ये करता येतात. कंपन्या त्यांना अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. वंगणात ती थोडीच लागतात. पैसा त्यांच्यात आहे, बियांत नाही.

जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत. तरी बरेचसे तेल नुसते तेल म्हणूनच परदेशी जाते. एरंडीला हमीभाव नाही. १०० किलो बियांत ४५ ते ५० किलो तेल असते. आपले पायलीभर बी मात्र दुकानदार म्हणेल त्या भावाने जाते. पिकवायचे आपण आणि प्रक्रियेचा पैसा दुसऱ्याचा, हे कापसात आपण भोगले आहे.

म्हणून 'कपाशी मोडा, एरंडी पेरा' असे आम्ही म्हणणार नाही. बांधावरचे बी गावाने एकत्र करावे, तेलाचा उतारा तपासून घ्यावा, उताऱ्यावर भाव मागावा. पेंड विषारी असते. ती जनावरांना नको, शेताला खत म्हणून घाला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने बी मोजून आकडा आणावा. आकडा हातात असला, तरच कारखानदाराशी बोलता येईल.