दातांवरील थर : मऊ आहे तोवर आपल्या हाती



तंजावूरच्या सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात औषधांची पारख करविली व रुग्णांच्या नोंदी ठेवविल्या. आपणही ऐकीव उपाय पारखूनच घ्यावा.

दातांवर रोज जंतूंचा मऊ, चिकट थर साचतो. त्यास प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघतो. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी, मऊ ब्रश हिरड्यांच्या कडेशी तिरपा धरून, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे हलक्या हाताने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलांस तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश ३ ते ४ महिन्यांनी बदलावा.

थर तसाच राहिल्यास लाळेतील क्षारांनी कडक होऊन त्याचे कीटण बनते. ते घरी काढू नये. सुई वा पिनेने खरवडल्यास हिरड्यांस इजा होते. लिंबू, कोळसा वा राखुंडी चोळल्याने दातांचे कवच झिजते, आणि झिजलेले कवच पुन्हा येत नाही.

कीटण दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावे. त्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. दात सैल होतात ते कीटण तसेच राहिल्याने. हिरड्यांतून रक्त आल्यास घासणे थांबवू नये, दंतवैद्यांस दाखवावे.