बंद कॅमेऱ्याच्या दोन बाजू



मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातली महाविद्यालयं बंद झाली आणि प्राध्यापक-विद्यार्थी एकाएकी झूम, गूगल मीटवर आले. त्या काळाबद्दल दोघांना विचारलं, तर दोन निरनिराळ्या हकिकती ऐकू येतात.

प्राध्यापक म्हणतात, पडद्यावर नुसती नावं दिसायची. हजेरी झाली की सगळे गप्प. प्रश्न विचारला तरी उत्तर नाही. मुद्दा पोचला की नाही हे मुलांच्या चेहऱ्यांवरून कळतं, तो आधारच गेला. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तर मानधनाचीही धास्ती होती.

विद्यार्थी म्हणतात, कॅमेरा लावला की डेटा संपायचा. घरात एकच मोबाइल आणि त्यावरच धाकट्या भावाची शाळा. कुणी रेंजसाठी टेकडी चढायचं, कुणाला आपलं एका खोलीचं घर वर्गाला दाखवायचं नव्हतं. विज्ञानाच्या मुलांनी प्रयोग व्हिडिओत पाहिले आणि पदवीवर ‘कोरोना बॅच’चा शिक्का बसला.

दोघंही खरंच सांगतात. राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८मध्ये देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती, शहरांत ४२ टक्के. बंद कॅमेऱ्यामागे प्रत्येक वेळी आळस नव्हता. अनेकदा अडचण होती.

दूरशिक्षण आपल्याला नवं नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये स्थापन झालं. स्वयंअध्ययनासाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तकं, अभ्यासकेंद्रं, शंका सोडवणारी संपर्कसत्रं, अशी तयारी त्या शिक्षणामागे असते. २०२०मध्ये मात्र वर्गातलं व्याख्यानच उचलून मोबाइलवर ठेवावं लागलं. प्राध्यापकांनी हाताशी होतं तेवढ्यावर ते निभावलं, याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. पण ती आणीबाणीची सोय होती. तिच्यावरून ऑनलाइन शिक्षणाचा निकाल लावणं चूक आणि तीच पद्धत कायम ठेवणं त्याहून मोठी चूक.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून करता येतात. म्हणून प्राचार्यांना आणि अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: एखादा विषय पडद्यावर नेण्याआधी मुलांना विचारा, मोबाइल कुणाचा आहे, रेंज कुठे मिळते, अभ्यासाला घरात जागा आहे का. शिकवणाऱ्यांना तयारीसाठी वेळ द्या. आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची दारं प्रत्येक विद्यार्थ्यासाठी उघडी ठेवा.