जन्मापासून जरेपर्यंत : मानवी विकासाच्या अवस्था आणि आपला जिल्हा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मानवी विकासाच्या अवस्था हा विषय मला देण्यात आला आहे. तो पाठ्यपुस्तकातील क्रमाने मांडणे सोपे आहे. तथापि धानोरा, एटापल्ली, भामरागडकडून मिळेल त्या वाहनाने येथवर आलेल्या माता समोर बसल्या असताना तसे करणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून सिद्धान्त थोडा सांगेन, जिल्ह्याविषयी अधिक बोलेन.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा. वजनकाट्यावर आणि मोजपट्टीवर दिसते ती वाढ. मान सावरणे, आईचा चेहरा ओळखून हसणे, दोन शब्द जोडून मागणी करणे, हा विकास. वाढ एका वयाला थांबते, विकास आयुष्यभर चालू राहतो. गुटगुटीत बाळाला ऐकू येत नसणे शक्य आहे, आणि किरकोळ अंगाचे बाळ बुद्धीने तल्लख असू शकते. दुसरी गोष्ट अशी की विकासाचा क्रम बहुधा ठरलेला असतो, पण प्रत्येकाची तारीख ठरलेली नसते. शरीरावरील ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. आधी मान, मग बसणे, मग चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील निरोगी मुले पाहून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना चालण्याचा काळ सुमारे ८ ते १८ महिने असा विस्तृत आढळला. शेजारणीचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून अकराव्या महिन्यातील बाळाची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र अठरा महिने उलटल्यावरही 'याचे आजोबाही उशिराच चालले होते' असे म्हणून घरी बसू नये.

आता पहिल्या अवस्थेकडे वळतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. नवजात अवस्था अवघी २८ दिवसांची. परंतु बालमृत्यूंचा मोठा वाटा याच दिवसांत पडतो. ही गोष्ट जगापुढे पुराव्यानिशी ठेवण्यात आपल्या जिल्ह्याचा मोठा हात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. गावातीलच स्त्रीला शिकवून आरोग्यदूत केले. ती बाळाचे वजन करी, मिनिटाला श्वास किती ते मोजी, बाळाला उबेत ठेवण्यास शिकवी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करी आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेन्टामायसिनचे इंजेक्शनही देई. प्रयोगापूर्वी तेथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत ही गृहभेटींची पद्धत देशभर स्वीकारली गेली. बाळंतपण रुग्णालयात झाले तरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी व्हाव्यात, असा नियम आहे.

देणगीदारांना येथे एक स्पष्ट शब्द सांगावासा वाटतो. यंत्रावर आणि खोलीच्या दारावर नाव कोरता येते, गृहभेटीवर कोरता येत नाही. त्यामुळे गृहभेटीला पैसा मिळणे कठीण जाते. रुग्णालय हवेच, कारण फार कमी वजनाचे किंवा झटके येणारे बाळ घरी सांभाळता येत नाही. पण ते बाळ आमच्यापर्यंत वेळेवर पोहोचते ते कोणीतरी तिसऱ्या दिवशी झोपडीत वाकून त्याचा श्वास मोजला म्हणूनच.

शैशवाविषयी बोलताना विदर्भात सिकलसेलचा उल्लेख टाळता येणार नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते व ते त्याचे रक्षण करते. पाच-सहा महिन्यांत ते ओसरते आणि मग हातापायांची बोटे सुजणे, बाळाने कळवळून रडणे असा त्रास सुरू होतो. अनेक घरांत हाच उष्टावणाचा काळ असल्याने दोष अन्नाला, नाहीतर आईला दिला जातो. सासूबाईंनी आणि आजोबांनी हे नीट ऐकावे : या आजाराचा एकेक अंश आई आणि वडील दोघांकडूनही येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतकी शक्यता असते. रक्ततपासणी लग्नाआधी, निदान गरोदरपणात व्हावी. २०२३ साली या आजारासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, हे चांगले झाले.

बालपणाची कसोटी म्हणजे भाषा. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मूल दोन शब्दांची वाक्ये बोलू लागते. ते होत नसेल तर प्रथम कान तपासावेत. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. माडिया ही द्रविड कुळातील भाषा. घरी तीच बोलणारे मूल सहाव्या वर्षी मराठी शाळेत बसते आणि काही दिवस गप्प राहते. त्याला मंदबुद्धी ठरवून तपासणीसाठी आणले जाते. असे मूल आल्यास आधी त्याच्या आईला त्याच्याशी घरच्या बोलीत बोलू द्यावे. पुष्कळदा निदान तेथेच उलटते.

किशोरावस्थेत आपण कोण, हा प्रश्न माणसाला प्रथम पडतो. एरिक एरिकसन यांनी १९५० साली मांडलेल्या आठ अवस्थांपैकी ही पाचवी. त्यांची मांडणी मोलाची असली तरी शिकण्यास आणि चाचपडण्यास उसंत मिळालेल्या समाजाची छाया तिच्यावर आहे, असे माझे मत आहे. माडिया समाजात तरुण-तरुणींनी एकत्र यावे, गाणे-नाचणे शिकावे, गावाची रीत समजून घ्यावी यासाठी गोटुल होते. म्हणजे या वयाला स्वतःची जागा लागते हे या रानातील माणसांना ठाऊक होते. आज ती जागा बहुतेक ठिकाणी आक्रसली आहे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा पोरांच्या हाती आला आहे. मुलींच्या वाट्याला मासिक पाळीच्या दिवसांत कुर्माघरातील एकान्तवास येतो. थंडीपावसात आणि सापाविंचवाच्या भयात काढलेले ते दिवस शरीराविषयी लाज शिकवतात, आणि ती लाज पुढे आजार लपवायला लावते. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासून घेतलेल्या स्त्रिया मात्र ८ टक्केच होत्या. हा अभ्यास १९८९ सालचा.

प्रौढावस्थेबद्दल अधिक बोलत नाही. तेंदूपानाच्या हंगामात आणि रोवणीत गुंतलेली ही मंडळी स्वतःसाठी येथे क्वचितच येतात. येतात ती मुलाला किंवा म्हाताऱ्याला घेऊन.

वार्धक्याविषयी मात्र आपला समज जुना आहे. जंगलातल्या कष्टकऱ्याला शहरी रोग होत नाहीत असे आपण धरून चालतो. २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली गेली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो, तो निघाला. सातांपैकी सुमारे एक मृत्यू त्याने झाला होता. त्याचे एक प्रमुख कारण उच्च रक्तदाब. तो दुखत नाही म्हणून गोळी सोडली जाते. चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर पुजाऱ्याकडे जाण्यात सकाळ घालवू नये. साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालय गाठले तर काही रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध देता येते. आणि आजोबा वाचून घरी आले की त्यांना खाटेवर ठेवून सर्व काही हातात देऊ नये. डाव्या हाताने का होईना, ताट त्यांनीच ओढून घ्यावे. साठीनंतरही मेंदू नवे शिकतो.

 मुलांच्या बोलण्यासंबंधी दोन चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आहेत. प्रश्नोत्तरांना तेथूनच आरंभ करतो.