शिवळ, जोतं आणि सुरगाठ



मराठीत गाठीचे दोन प्रकार आपल्याला लहानपणीच शिकवले जातात. निरगाठ आणि सुरगाठ. दोराचं टोक गाठीतून पूर्ण ओढून घेतलं की झाली निरगाठ. तेच टोक दुमडून, त्याचा फासा करून अर्ध्यावर ठेवलं की झाली सुरगाठ. निरगाठ सोडायला नखं लागतात, कधी दात लागतात. सुरगाठीचं टोक ओढलं की गाठ संपली. बुटाची नाडी आपण सुरगाठीनं बांधतो आणि ज्वारीच्या पोत्याचं तोंड निरगाठीनं. कुठे कोणती मारायची हे सांगावं लागत नाही. पण बैलाच्या मानेपाशी कोणती गाठ मारायची, हे मात्र हल्ली सांगावं लागतं, आणि आजचा माझा विषय तोच आहे.

आपल्या नांदेड-लातूरकडे बैलाचं कौतुक मोठं. कंधार, लोहा, मुखेड भागातला लालकंधारी, उदगीर-देवणीकडचा देवणी. देवणीत पुन्हा वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून प्रकार. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत माणूस बैल घ्यायला जातो तेव्हा दात बघतो, शिंगं बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, वशिंडावर हात फिरवतो. तासभर बघतो म्हणा ना! आणि मग त्याच बैलाला ज्या जुवाला जुंपायचं, त्या जुवाकडे, त्याच्या शिवळीकडे आणि जोत्याकडे किती वेळ बघतो? बहुतेक वेळा बघतच नाही. असेल ते वापरतो.

शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडं उलगडून सांगतो. जू म्हणजे दोन्ही बैलांच्या मानेवर आडवं येणारं लाकूड. त्याला प्रत्येक बैलासाठी दोन भोकं असतात आणि त्यांतून दोन दांडके खाली सोडलेले असतात, बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना. या शिवळा. आणि मानेखालून, एका शिवळीपासून दुसऱ्या शिवळीपर्यंत जो पट्टा किंवा दोर जातो ते जोतं. कुणी त्याला सापती म्हणतं. म्हणजे वर जू, बाजूला शिवळा, खाली जोतं, आणि या चौकटीत बैलाची मान.

आता गंमत अशी, की ओढण्याचं काम जोतं करतच नाही. बैल ओढतो तो वशिंडाच्या पुढे टेकलेल्या जुवानं. आपल्या देशी बैलाला वशिंड आहे म्हणून हे साधं लाकूड त्याला पुरतं. जोत्याचं काम एवढंच, की जू मानेवरून उडू नये, बैलानं मान काढून घेऊ नये. ते राखणदार आहे, ओढकरी नाही. म्हणून जोतं सैल हवं. किती सैल? बैल उभा असताना जोतं आणि गळा यांच्यामध्ये आपला हात आडवा सहज गेला पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर गळ्याला काचतं. फारच ढिलं असेल तर जू पुढे-मागे सरकत राहतं, करवतीसारखं खांद्यावर चालतं आणि मग येते खांदेसूज. खांदेसुजीचा सगळा दोष आपण ओझ्याला देतो. ओझ्याचा दोष आहेच. पण जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका असला, जुवाची खालची बाजू खडबडीत असली, शिवळा मानेच्या मानानं फार जवळ किंवा फार लांब असल्या, तर हलकी गाडी ओढूनसुद्धा खांदा येतो. सुजलेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवलं की जखम होते, ती चिघळते, आणि बैल ऐन हंगामात गोठ्यात बसतो. त्याला उपाय आधी विश्रांती आणि मग जनावरांचा डॉक्टर. वंगण, राख, जळकं तेल हे उपाय नव्हेत.

घोड्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती इथे सांगण्यासारखी आहे. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या मानेवर आडवं लाकूड ठेवलं तर ते टेकणार कशाला? घोडा ओढतो तो छातीनं आणि खांद्यानं. म्हणून टांग्याच्या घोड्याला छातीवरून रुंद पट्टा असायचा, आणि जड गाड्या ओढणाऱ्या युरोपातल्या घोड्यांच्या गळ्यात भरीव, गादीसारखी गोल कॉलर असायची. ही कॉलर युरोपात साधारण नवव्या-दहाव्या शतकापासून दिसू लागते. त्याआधीचे घोडे जड ओझं का ओढत नव्हते, यावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. लफेव्र द नोएत नावाच्या एका घोडदळातल्या अधिकाऱ्यानं १९१० साली प्रयोग करून आणि पुढे १९३१ साली ग्रंथ लिहून असं मांडलं, की प्राचीन काळी पट्टा घोड्याच्या गळ्यावर येत असे, घोडा जोर लावू लागला की त्याचाच श्वास कोंडत असे. ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती, की बरीच वर्षं पुस्तकांतून तीच शिकवली गेली. मग १९७० च्या दशकात झां स्प्रुइत या दुसऱ्या फ्रेंच माणसानं प्राचीन चित्रं आणि शिल्पं बघून तसाच साज बनवला, घोड्यांना चढवला आणि प्रत्यक्ष रथ हाकून दाखवला. घोडे गुदमरले नाहीत. आधीच्या अधिकाऱ्यानं दोन वेगळ्या पद्धतींच्या साजांचे भाग एकत्र करून जोडले होते. मला या वादातली एक गोष्ट फार आवडते. ग्रंथातला प्रश्न शेवटी सुटला तो घोडा जुंपून बघितल्यावर.

त्या कॉलरवर दोन वाकड्या पट्ट्या बसतात, लाकडाच्या किंवा लोखंडाच्या. ओढीचे पट्टे त्यांनाच जोडलेले असतात. या दोन पट्ट्या घोड्याच्या गळ्याखाली एकमेकींना बांधायच्या असतात. पूर्वी चामड्याच्या पट्टीनं बांधत. पण चामडं पावसात भिजून फुगतं, थंडीत कडक होतं, आणि सगळी ओढ त्या एका ठिकाणी येते, त्यामुळे घोडा पडला तर बक्कल सुटता सुटत नाही. मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कारागिरांनी या एवढ्याशा जोडावर डोकं चालवलं. आपल्या पत्र्याच्या पेटीला कडी असते ना, एका बाजूला दाबली की घट्ट बसते आणि उचलली की लगेच सुटते, त्या धर्तीच्या नाना कड्या त्यांनी बनवल्या. या एका वस्तूसाठी तिथे एकामागून एक पेटंटं घेतली गेली. हातमोजे न काढता, अंधारात, एका हातानं उघडेल अशी कडी हवी होती. बांधायला सोपी असावी हे तर होतंच, पण घोडा खाली पडून तडफडत असताना उघडता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

आपल्याकडे पेटंट कुणी घेतलं नाही, पण आपल्या शिवळीत तीच अक्कल आहे. बाहेरची शिवळ भोकात नुसती सोडलेली असते. ती वर उपसली, की जोत्याचा फासा तिच्यातून निघतो आणि बैल बाजूला मान काढून मोकळा होतो. गाठ सोडावी लागत नाही, दोर कापावा लागत नाही. रोज दुपारी औत सुटायच्या वेळेला हे आपण इतक्या सहज करतो, की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही.

विशेष काय ते कळतं गाडी उलाळते तेव्हा. मागच्या बाजूला ओझं जास्त झालं, किंवा चढावर माल मागे सरकला, की गाडीची दांडी वर उचलली जाते. दांडीबरोबर जू वर जातं. आणि आतापर्यंत नुसतं राखण करणारं जोतं एका क्षणात बैलाच्या गळ्याला फास होऊन बसतं. दोन्ही बैलांचे पुढचे पाय जमिनीवरून सुटायला लागतात. अशा वेळी हातात फार थोडा वेळ असतो. एकानं दांडीवर भार टाकायचा आणि दुसऱ्यानं बाहेरची शिवळ उपसायची. शिवळ ताणानं आवळून बसली असेल तर जोतं कापायचं. म्हणून जुने गाडीवान गाडीला विळा अडकवल्याशिवाय निघत नसत. तो विळा नुसता वैरण कापायला नसायचा.

आणि आता बघा आपण काय करतो. लोखंडी पाइपाचं जू आलं. त्याच्या शिवळा म्हणजे लांब बोल्ट, आणि खाली नट. का, तर शिवळ वाटेत पडून हरवते म्हणून! नट एकदा गंजला की पाना लागतो. उलाळलेल्या गाडीखाली पाना शोधत बसायचं का? शिवळ हरवू नये म्हणून तिला वरून दोरीनं जुवाला अडकवून ठेवा, लोंबकळत राहील. पण बोल्ट नको.

दुसरी गोष्ट नायलॉनच्या दोराची. पूर्वी आपल्याकडे ज्वारीत, तुरीत अंबाडीचे तास असत. अंबाडी कापायची, पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या, मग वाख सोलून काढायचा. मातंग समाजातले कारागीर त्याला पीळ देऊन कासरे, दावी, जोती वळून देत, आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्या पदरात बलुत्याचं धान्य पडे. ते किती पडे आणि कष्टाच्या मानानं पुरे होई का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्या व्यवस्थेची आठवण काढून मी हळहळणार नाही. पण त्या हातांत जे ज्ञान होतं ते मात्र खरं होतं. गळ्यापाशी येणारा दोर रुंद आणि मऊ हवा, कासऱ्याचा पीळ घट्ट हवा, दाव्याचा आणखी वेगळा, हे त्यांना माहीत होतं. चामड्याच्या सापत्या करणारे कारागीर वेगळे होते. त्यांनाही कडा आत वळवून शिवायच्या हे ठाऊक होतं.

नायलॉन स्वस्त आहे, कुजत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. कुणी वापरला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो बारीक असतो आणि गुळगुळीत असतो. बारीक असल्यामुळे कातडीत रुततो. गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ त्यावर टिकत नाही, म्हणून माणूस निरगाठीवर निरगाठ मारत जातो. अंबाडीचा दोर झिजला की त्याचे तंतू फुलतात आणि आता बदला असं सांगतो. त्याचाही एक दोष आहे, तो भिजला की गाठ फुगून आवळते. म्हणूनच तर गाठीवर न विसंबता शिवळ आली! नायलॉनच घ्यायचा असेल तर गळ्याखाली येणाऱ्या भागाला जुन्या सुती कापडाचं, नाहीतर विणलेल्या रुंद पट्टीचं जोतं करा, आणि नायलॉन फक्त टोकाला ठेवा.

तिसरी गाठही सांगून टाकतो, सरकफास. ओढली की लहान होत जाते ती. ही जनावराच्या गळ्यात कधीही, कोणत्याही कारणानं घालू नये. खुंट्याला बांधलेलं वासरू रात्री दाव्यात गुरफटून सकाळी मेलेलं सापडतं, त्यामागे पुष्कळदा हीच गाठ असते. दाव्याला एका टोकाला फासा आणि दुसऱ्या टोकाला लाकडाचा छोटा आडवा तुकडा, ही जुनी पद्धत त्यासाठीच होती. तुकडा फाशातून घातला की गळ्यातला वेढा ठरलेल्या मापाचाच राहतो. जनावरानं कितीही ओढलं तरी तो आवळत नाही.

कायद्यानंही यात लक्ष घातलेलं आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. ओढकाम आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं नियम केले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, जिथे पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नका, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीस ओलांडतो, तेव्हा हा नियम आपल्याच साठी आहे असं समजा. आणि त्यातच आणखी एक साधा नियम आहे. काम संपलं की जनावर जुंपलेलं ठेवायचं नाही, सोडायचं. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. पुढची गाडी हलेल म्हणून गाडीवान बैल सोडत नाही, आणि बैल भरल्या गाडीचा भार मानेवर घेऊन उभे राहतात. गाडीवानाला दोष देऊन भागणार नाही, त्याचाही नंबर जातो. पण दांडीखाली टेकण लावून दोन शिवळा उपसायला कितीसा वेळ लागतो? शिवळ सहज निघणारी असेल तर माणूस बैल सोडतो. पाना लागणार असेल तर सोडत नाही. हे मी पैजेवर सांगतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर संशोधनाची योजना आहे. बैलांनी ओढायच्या अवजारांवर तिथे काम होतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा जाऊन अवजारं आणि जुवं बघावीत. ज्यांना शक्य नाही त्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी एवढं करावं. खांदेमळणीला आपण बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावतो. तेव्हा हात फिरतोच आहे, तर नीट फिरवा. कुठे गाठ लागते का, केस गेलेत का, कातडी जाड झाली का, दोन्ही बाजूंना सारखं आहे का ते बघा. मग तोच हात जुवाच्या खालच्या बाजूवरून फिरवा. जिथे तुमच्या तळव्याला टोचेल तिथे रंधा मारून घ्या. शिवळा एकदा उपसून बघा. अडकत असतील तर भोकं साफ करा. पोळ्याला नवी वेसण, नवा कासरा, नवी म्होरकी आणतोच आपण, त्याच खरेदीत एक रुंद जोतं आणा. बाजारात रंगीबेरंगी नायलॉनचे गोंडे मिळतात, ते शिंगांना खुशाल बांधा. तिथे निरगाठ मारली तरी चालेल.