समुद्रावर दुसरी साक्ष हवीच
उपग्रहांमुळे भरसमुद्रातल्या जहाजाला आपला ठावठिकाणा काही मीटरांपर्यंत अचूक कळतो; पण एकाच यंत्रावर विसंबणं धोक्याचं. १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेल्या ‘रॉयल मॅजेस्टी’ या जहाजाच्या, उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या जीपीएस अँटेनाची तार निसटली. यंत्र नुसत्या वेग-दिशेवरून अंदाज बांधत राहिलं आणि जहाज सुमारे १७ मैल भरकटून नॅन्टकेट बेटाजवळ उथळ पाण्यात रुतलं. कुणी म्हणेल, आताची यंत्रं बिघडताच इशारा देतात. पण इशारा ‘रॉयल मॅजेस्टी’च्या यंत्राच्या पडद्यावरही होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. शिवाय आज खोटे संकेत पाठवून यंत्राला फसवता येतं, आणि फसलेलं यंत्र गप्पच राहू शकतं. म्हणून रडार, पाण्याची खोली, दीपगृह आणि खलाशाचे डोळे यांचीही साक्ष काढायला हवी.