रिकामा रकाना

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या सभासदांची यादी मी संगणकावर चढवली होती. वार्षिक सभेच्या निमंत्रणांसाठी पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापल्या, तर काही चिठ्ठ्यांवर घर, गल्ली, पिनकोड सगळं होतं आणि नावच नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं, की ज्यांच्या अर्जात मधलं नाव भरलेलं नव्हतं, त्यांचंच अख्खं नाव गेलं होतं.

रिलेशनल डेटाबेसमध्ये अशा न भरलेल्या रकान्यात ‘नल’ असतो. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नाव, मधलं नाव आणि आडनाव जोडचिन्हाने जोडताना एक तुकडा जरी नल निघाला, तरी सगळी जोडणी नल होते. ओरॅकल मात्र जोडताना नल सोडून देतं. पण तिथे मुद्दाम कोरा ठेवलेला मजकूरही नलच धरला जातो!

पुढे, वर्षभरात एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधायला बसलो. देवघेवीच्या तक्त्यात ज्यांचा क्रमांक नाही ते दाखव, असं ‘नॉट इन’ लावून विचारलं. उत्तरात एकही ओळ नाही. देवघेवीच्या एकाच नोंदीत सभासद क्रमांक लिहायचा राहिला होता. तो अज्ञात क्रमांक कुणाचाही असू शकतो, म्हणून अमका त्यात नाहीच, असं डेटाबेस कुणाबद्दलही ठामपणे म्हणेना. मला त्याचं हे म्हणणं पटतं. खटकतं ते एवढंच, की ते तो बोलून दाखवत नाही.

हे रिलेशनल प्रारूप १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं. १९९०च्या पुस्तकात त्यांनी रिकामेपणाच्या दोन वेगळ्या खुणा मागितल्या: माहिती आहे पण हाती आलेली नाही, ही एक, आणि इथे ती लागूच नाही, ही दुसरी. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत मात्र नल एकच राहिला.

ज्यांच्या चिठ्ठीवर नाव आलं नव्हतं, त्या सभासदांना मी एकेक करून फोन लावले. एका आजोबांचं मधलं नाव यादी उतरवताना राहून गेलं होतं. एक बाई म्हणाल्या, “मी वडिलांचंही लावत नाही, नवऱ्याचंही नाही. राहिलेलं नाही ते, मी ठरवलंय.” तक्त्यात दोघांपुढे एकच नल होता. मग मी शेजारी आणखी एक रकाना वाढवला. आजोबांचं नाव भरलं आणि बाईंच्या नोंदीपुढे लिहिलं, ‘लावत नाहीत’.