मुक्ता हे नाव



आज वैशाख वद्य दशमी. शके १२१९ मध्ये, म्हणजे इंग्रजी सन १२९७ ला, याच तिथीला तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, असं आपली परंपरा सांगते. म्हणून सेवेला अभंग त्यांचाच घेतला. टाळकरी मंडळींनी तो आत्ता गोड म्हटला. पण आज मी पहिल्या चरणापासून निरूपण करणार नाही. शेवटच्या चरणात नाममुद्रा येते ना, मुक्ताई, तिथंच बसणार आहे. आजचं चिंतन एवढ्या एका नावाचं. हे कीर्तन नंतर पुस्तकात छापायचं म्हणतात, तेव्हा घरी बसून वाचणाऱ्या माउली, तुम्हीही या, मांडी घालून बसा.

शब्दाचा अर्थ आधी बघू. मुक्त म्हणजे सुटलेला. मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी. पण संस्कृतात मुक्ता म्हणजे मोतीसुद्धा. मुक्ताफळ म्हणतो आपण, ते हेच. शिंपल्यातून सुटतो म्हणून मोत्याला मुक्ता म्हटलं. जुने कवी म्हणायचे, स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. आताचे जाणकार सांगतात, शिंपल्याच्या आत काहीतरी परकं शिरतं, त्याला ते खुपतं, त्या खुपणाऱ्यावर तो आपल्या अंगचा लेप चढवत राहतो, थरावर थर, आणि त्याचा मोती होतो. मला विचाराल तर या घराला दुसरं सांगणं जास्त लागू पडतं. स्वातीचा थेंब कुठला त्यांच्या नशिबी! त्यांना नुसतं खुपणारंच मिळालं.

ते घर आठवा. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला. गुरूंना कळलं की घरी रुक्मिणी वाट बघते आहे, म्हणून त्यांनीच परत पाठवलं, संसार कर म्हणाले. परत आले आणि गावानं वाळीत टाकलं. संन्याशाला संसार नाही, आणि झालाच तर त्याच्या पोरांना जात नाही, धर्म नाही, मुंज नाही. अशा घरात चार लेकरं झाली. पहिला निवृत्ती. दुसरा ज्ञानदेव. तिसरा सोपान. आणि चौथी मुलगी, शके १२०१ ची, आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापनेचा दिवस.

आता बारसं डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे बारशाला काय असतं? पाळणा सजतो, घुगऱ्या वाटतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि शेजारणी तिच्या पाठीत धपाटे घालतात. वाळीत टाकलेल्या घरी कोण येणार घुगऱ्या खायला? बहुतेक बापानंच पाळण्याशी वाकून नाव सांगितलं असेल. ही माझी कल्पना आहे हं, पोथीत शोधू नका.

पण नावं बघा काय ठेवली! निवृत्ती म्हणजे मागे फिरणं, विषयातून मन काढून घेणं. मन मागे फिरलं की ज्ञान. ज्ञान झालं की सोपान, सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. आणि पायऱ्या चढून जिथं पोचायचं ते? मुक्ता. तीन मुलगे ही वाट आहे, माउली, आणि मुक्काम लेक आहे. ज्या बापाला गावच्या पाणवठ्यावर मोकळेपणानं जाता येत नव्हतं, त्यानं शेवटच्या लेकीचं नाव मोकळी ठेवलं. जे आपल्याला मिळालं नाही ते लेकीच्या नावात घालून ठेवलं. पुढं आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा ही पोर अजून अजाण होती. आई-बापाची इस्टेट म्हणाल तर हिच्याजवळ एवढं नावच.

आणि ती नावाला जागली. ज्ञानोबारायांना कुणीतरी जिव्हारी लागेल असं बोललं. ते आत गेले, झोपडीची ताटी लावून बसले. थोरला भाऊ गुरू आहे, पण ताटीबाहेर उभी राहिली कोण? धाकटी. तिचे ते ताटीचे अभंग. लोकांचं बोलणं संतानं सोसायचं असतं, हे ज्ञानेश्वरांना कुणी सांगावं? पण सांगितलं. तिला काय कुणी हिणवलं नव्हतं? चौघांना एकाच तोंडानं हिणवलं होतं. पण तो आत कोंडून बसला आणि ही बाहेर उभी. कोंडलेल्याला बाहेर काढायचं तर काढणारा मोकळा लागतो. त्या ताटीतून ज्ञानदेव बाहेर आले.

चांगदेवांचं तर तुम्हांला माहीत आहे. चौदाशे वर्षांचे योगी, मायना काय लिहावा कळेना म्हणून कोरा कागद धाडला. मुक्ताई तो कोरा कागद बघून हसल्या, ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, आणि शेवटी चांगदेवांनी गुरू केलं ते या मुलीला. नामदेवरायांचं मडकं कच्चं आहे का पक्कं, हे गोरोबाकाकांना थापटण्यानं तपासायला सांगणारी पण हीच. वय किती? गुप्त झाल्या तेव्हा अठरा. अठरा वर्षांच्या पोरीला आपण मुक्ताबाई म्हटलं, मग बाई पुरेना म्हणून मुक्ताई म्हटलं, आई केलं. आदिशक्ती म्हणून जयजयकार केला. अजून दर ज्येष्ठात मुक्ताईनगरहून त्यांची पालखी निघते, महिन्याहून जास्त चालत पंढरीला येते.

म्हणून खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात तुम्ही घरोघर बघाल, आजीच्या पिढीत एक तरी मुक्ताबाई असायचीच. मुक्ता, मुक्ती, मुक्ताक्का, ज्या गावाला जसं तोंडात बसेल तसं. मधल्या काळात हे नाव जुनाट वाटायला लागलं, शाळेत पोरं हसायची. आता परत आलंय, शहरातल्या मुलींचं, मागचं बाई गाळून. येऊ द्या, कुठल्याही वाटेनं येऊ द्या.

आणखी एक मुक्ता सांगतो, ती आपल्या पोथीतली नाही, पण मला कीर्तनात घेतल्यावाचून राहवत नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मातंग समाजाची एक मुलगी शिकत होती, मुक्ता साळवे. चौदा-एक वर्षांची. सन १८५५ मध्ये तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. त्यात ती देवालाच विचारते, आमचा धर्म कुठला ते आम्हांला सांग. साडेपाचशे वर्षांचं अंतर आहे हो मध्ये! तिच्या आई-बापांनी नाव मुक्ताईवरून ठेवलं की कशावरून, मी काही म्हणणार नाही. पण आळंदीच्या त्या चार लेकरांना गावानं जे विचारलं होतं, तुमचा धर्म कोणता, ते एका मुक्तेनं उलट देवाला विचारलं. आणि ज्यांच्यावर भोगायची वेळ होती त्यांच्या बाजूनं विचारलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. आपण वारकरी नामाची माणसं. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ तुम्हांला ठाऊक आहे. धाकट्या पोराचं नाव नारायण होतं, मरताना भिऊन पोराला हाक मारली आणि सुटला. म्हणून जुन्या माणसांनी मुलांना देवाची, मुलींना नद्यांची, संतांची नावं दिली. गंगा, गोदा, भागीरथी, रुक्मिणी, जनाबाई, मुक्ता. हाक मारता मारता नाम घडतं. बरोबर? मग मला सांगा, एखाद्या घरात तिसरी मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं नकुशी. नकोशी. दिवसातून पन्नास वेळा तिला हाक मारायची. ही कुठली माळ जपतोय आपण?

आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे ही. सन २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनानं अशा मुली शोधल्या, २८५ निघाल्या, आणि ऑक्टोबर महिन्यात समारंभ करून त्यांना नवी नावं दिली. एका जिल्ह्यात. समज अशी की नकुशी म्हटलं की पुढचा मुलगाच होतो.

लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी माझं सांगतो.

बरीच वर्षं झाली. एका गावी रात्री कीर्तन झालं, दुसऱ्या दिवशी यजमानांच्या घरीच बारसं होतं. म्हणाले, महाराज, थांबा, आशीर्वाद द्या. थांबलो. तिसरी मुलगी. आत्या पाळण्याशी वाकली, नाव सांगितलं, नकुशा. बायका जरा गप्प झाल्या. बाळाच्या आईनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, महाराज काही बोलतील. आदल्या रात्री मी याच मुक्ताईवर दोन तास बोललो होतो. मी खाली मान घातली. पुरणपोळी वाढली होती. जेवलो, दक्षिणा घेतली आणि गाडीत बसलो.

पुढं पंधराएक वर्षांनी आषाढीच्या वाटेवर, वाखरीच्या अलीकडं, एक मुलगी दिंडीला पाणी वाटत होती. मी तांब्या घेतला आणि सहज विचारलं, बाळा, नाव काय तुझं? ती म्हणाली, "महाराज, तुम्हीच होता की माझ्या बारशाला. आजी सगळ्यांना सांगते."

मग नाव सांगितलं. मला तिथंच बसावंसं वाटलं. मी तिला मुक्ताईची गोष्ट सांगायला लागलो, तीन भावांनंतरची लेक, बापानं नाव काय ठेवलं, अर्थ काय. तिनं सगळं ऐकून घेतलं. घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं हे?"

माउली, वाणीचा धंदा माझा, पण त्या दिवशी शब्द सापडला नाही. माझ्यापुढं तेव्हा पान वाढलेलं होतं, हे उत्तर काय द्यायचं पोरीला?

तेव्हापासून एक केलं आहे. बारशाचं बोलावणं आलं की आधी फोनवर विचारतो, नाव काय ठरवलं? नाव ऐकल्याशिवाय जात नाही. दोन घरं त्यामुळे रागावली, एकानं पुढच्या सप्ताहाला कीर्तनकार बदलला. बदलू द्या. एका घरी मात्र अर्धा तास वाद होऊन शेवटी म्हातारीनं स्वतः नाव बदललं.

आणि ती मुलगी? अठरा पूर्ण झाल्यावर राजपत्रात देऊन तिनं नाव बदलून घेतलं. तुम्हांला वाटेल मुक्ता ठेवलं असेल. मलाही वाटलं होतं. नाही ठेवलं. तिनं तिच्या मनानं वेगळंच निवडलं, तिच्या आईनं मला कळवलं. काय ते इथं सांगत नाही, आणि छापूही नका.

आरतीची वेळ झाली. फुलं उधळायला लहान मुलींना पुढं येऊ द्या.

आदिशक्ती मुक्ताबाई की जय! बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!